डबीतला काळा दोरा

पुसद,
१८ मे

वर्षा,

'पत्र लिहिण्यास कारण की' हे वाक्य मी शिक्षण विस्तार अधिकारी असताना महागाव तालुक्यातल्या शेकडो वह्यांत लाल शाईने खोडलं आहे, तेव्हा ते माझ्याकडून मिळणार नाही. कारण तुला माहीतच आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोणी कोणाला काही सांगत नाही. 'दिसतंय का?' 'आवाज येतोय का?' 'जेवलात का?' यातच वीस मिनिटं जातात. बादल कॅमेऱ्याला नाक चिकटवतो आणि शाम मधोमध हसत उभा असतो. सगळेच हसतात. अमरावतीच्या मिशन बोर्डिंगात मी नऊ वर्षं काढली. एवढं हसणं तिथे फक्त फोटोग्राफर आल्यावर दिसायचं. म्हणून पत्र. पंधरा दिवसांनी एक तरी लिही. अंजूलाही लिहायला लाव. आठ वर्षांची मुलगी आहे, तीन महिन्यांत मराठी विसरायला वेळ लागत नाही.

तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले. इथे पारा पंचेचाळीसवर आहे. मी कूलरपासून दारापर्यंत जाते आणि दारापासून कूलरपर्यंत येते. एका जागी बसवत नाही. शेजारच्या कोकिळाबाई काल म्हणाल्या, "काहून जी बाई, पायाले चाकं लागले का?" मी म्हटलं, उन्हाने झोप लागत नाही. त्यांना खरं कशाला सांगू?

तुला मात्र स्पष्ट सांगते. शामचं पाण्याच्या नियोजनाचं प्रशिक्षण तीन महिन्यांचं आहे. परतीची चार तिकिटं चोवीस ऑगस्टची आहेत, मी ती चष्मा लावून दोनदा पाहिली. तुझी बिनपगारी रजा एकतीसला संपते आणि दिग्रसच्या शाळेत दहावीचं गणित तुझ्यासाठी अडलेलं आहे. उन्हाळा परदेशात काढायचा म्हणजे उन्हाळाच काढायचा. माझा शाम सरळ मुलगा आहे, त्याला घराची ओढ आहे. तुझं मला सांगता येत नाही. नागपूरच्या विमानतळावर तू काचेत स्वतःला दोनदा पाहिलंस.

अंजूला मी दिलेली दोऱ्यांची डबी हरवू देऊ नकोस. ती माझ्या आईची आहे.

आई

*

हॉलंड,
१ जून

ती. आई,

तुमचं पत्र आलं. शाम म्हणाला, "आईने परदेशातही तपासणी लावली."

आम्ही ठीक आहोत. गाव छोटं आहे, सगळीकडे कालवे. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या. सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. रात्री दहा वाजता खिडकीत ऊन असतं आणि बादल म्हणतो, "मी नाही झोपत, अजून दुपार आहे." पाच वर्षांच्या मुलाला घड्याळ दाखवून काय उपयोग? शेवटी शामने खिडकीला चादर ठोकली. सकाळी साडेचारला चादरीच्या कडेने पुन्हा ऊन. तेव्हापासून मीही जागीच असते.

मुलं जवळच्या शाळेत जातात. इथल्या सुट्ट्या जुलैत लागतात. डब्यात थंड पाव न्यायचा असतो. अंजूला मी पहिल्या दिवशी भाकरी आणि तिळाची चटणी दिली, ती तिने तशीच परत आणली. आता पाव नेते. शाम खूष आहे. सायकलने कामावर जातो.

काचेत मी केस पाहत होते, आई. पहाटे तीनला निघालो होतो आपण.

अंजूचा कागद सोबत आहे. शुद्धलेखन मी पाहिलं आहे.

तुमची
वर्षा

प्रिय आजी,

मी मजेत आहे. बादल मजेत आहे. इथे बदकं रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबतात. माझ्या बाईंचं नाव मला म्हणता येत नाही.

आजी, आम्ही निघालो त्या दिवशी तू डबीची गोष्ट सांगत होतीस ती अर्धी राहिली. तू लहान असताना बोर्डिंगात सिस्टर पत्र वाचून मगच पाठवायच्या म्हणून तू नेहमी मी मजेत आहे असं लिहायचीस. आणि तुझ्या याडीला म्हणजे तुझ्या आईला वाचता येत नव्हतं म्हणून तू पत्राला दोरा चिकटवायचीस. लाल दोरा म्हणजे मजेत. काळा दोरा म्हणजे मला न्यायला ये. आणि एकदा तू काळा लावलास. मग तुझी याडी आली का? तेवढ्यात गाडी आली.

मी लाल दोरा लावला आहे.

अंजू

*

पुसद,
१३ जून

वर्षा,

'शुद्धलेखन मी पाहिलं आहे' म्हणजे काय? मुलीचं पत्र तू वाचतेस? सिस्टर फिलोमिनाही हेच म्हणायच्या. रविवारी दुपारी दोन ते तीन पत्रांचा तास. आम्ही लिहायचो, त्या टेबलाच्या टोकाला बसून एकेक कागद वाचायच्या आणि 'रडले' लिहिलेलं दिसलं की त्या जागी 'खेळले' लिहून घ्यायच्या. त्यामुळे माझं मराठी वळणदार झालं आणि खोटं बोलणं त्याहून वळणदार. अंजूचं पत्र तिला चुका करून लिहू दे. चुका काढायला मी बसले आहे.

शाम सायकल चालवतो हे वाचून बरं वाटलं. पण भाकरी परत आली तर दुसऱ्या दिवशी लगेच पाव? एक दिवस परत आली, दोन दिवस परत आली, तिसऱ्या दिवशी भूक लागली असती. तुला आवडला असेल पाव, मुलीवर ढकलू नकोस.

काल वामनराव आणि कोकिळाबाई येऊन बसले. त्यांचं सोयाबीनचं बियाणं आलं आहे, आभाळाकडे डोळे लावून बसलेत. कोकिळाबाई म्हणाल्या, "सून कायची येते आता! माह्या बहिणीची पोरगी बी तीन महिन्यासाठीच गेलती. तिचे लेकरं आता मराठीत शिंकत बी नाही." वामनराव म्हणाले, "शिंकेले भाषा असते का?" त्यावर नवरा-बायकोत जुंपली, मी चहा केला. हसले त्यांच्यासमोर. ते गेल्यावर कॅलेंडर काढून चोवीस ऑगस्टभोवती पेन्सिलने गोल केला. मग वाटलं, पेन्सिल पुसली जाते. म्हणून शाईने केला.

अंजूला सांग, दोरा मिळाला. गोष्टीचा पुढचा भाग समोरासमोर बसून सांगण्यासारखा आहे, पत्रात नाही. चोवीस ऑगस्टनंतर.

आई

*

हॉलंड,
२७ जून

ती. आई,

अंजूचं पत्र यापुढे वाचणार नाही. पाकिटावर पत्ता मात्र मी घालते, तिचा पिनकोड दर वेळी वेगळा येतो.

सगळं छान आहे. परवा समुद्रावर गेलो होतो. बादलने वाळूत धरण बांधलं आणि शामने त्याला सांडवा काढायला शिकवलं. मी किनाऱ्यावर बसून होते. मला काही विशेष काम नसतं. दुपारी दोघं शाळेत, शाम कामावर, मग मी खिडकीशी बसते. समोरच्या घरातली म्हातारी तिच्या खिडकीशी बसते. आम्ही एकमेकींना हात करतो. तेवढं झालं की दिवस झाला.

परतीच्या बॅगांचं वजन जास्त होईल असं दिसतं. बघू.

शाम विचारतो, पुसदच्या घराचा वरचा मजला रिकामाच आहे तर भाड्याने द्यायचा का? सहज विचारलं आहे.

तुमची
वर्षा

*

पुसद,
९ जुलै

वर्षा,

सहज? वरचा मजला हा तुमचा मजला आहे. दीड महिन्याने परत येणारी माणसं स्वतःचा मजला भाड्याने देतात का? हे शामच्या डोक्यातून आलेलं नाही. त्याला भाडं म्हणजे काय ते माहीत नाही, आजवर त्याचं भाडं मीच भरलं.

आणि रविवारी शामने पाठवलेल्या फोटोत मागे खुंटीवर काय होतं? मी फोटो मोठा करून पाहिला. चार जाड कोट. आत केसाळ अस्तर. दोन मोठे, दोन लहान. ऑगस्टात यवतमाळ जिल्ह्यात परतणाऱ्या माणसांना केसाळ कोट कशाला? सोयाबीन निंदायला जाताना घालणार आहात?

माझा अंदाज मी लिहून टाकते, म्हणजे तुला लपवण्याचे कष्ट नकोत. तुला तिथे राहायचं आहे. खिडकीशी बसायचं, हात करायचा, स्वयंपाकाला पाव, सासू समुद्रापार. कोणाला नाही आवडणार? आणि माझा मुलगा तुझं मन मोडत नाही, म्हणून वरच्या मजल्याचं 'सहज' त्याच्या तोंडी घातलंस. महागावच्या बंजारा तांड्यातून एम.एस्सी. झालेली मुलगी सून करून आणताना मी सगळ्यांना सांगितलं होतं, हिचे पाय जमिनीवर आहेत. आता लोक मलाच विचारतात, कोणत्या जमिनीवर?

तुझ्या मुख्याध्यापकांचा फोन आला होता. तुझ्या जागी ठेवलेला मुलगा वर्गात गाईड वाचून दाखवतो म्हणे. "आडे मॅडम येणार ना नक्की?" मी 'हो' म्हटलं. सदुसष्टाव्या वर्षी माझा शब्द खोटा पाडू नकोस.

सरळ उत्तर दे. चोवीस ऑगस्टला येता आहात की नाही?

आई

*

हॉलंड,
२० जुलै

प्रिय आजी,

मी मजेत आहे. शाळेला सुट्टी लागली. आई खूप कमी बोलते. तिचा घसा दुखतो का ते मी विचारलं, ती नाही म्हणाली.

बादल आता झोपेत इथलं बोलतो.

आईला तुझं पत्र आलं. तिने ते बाथरूममध्ये जाऊन वाचलं. तिला पत्र लिहायचं होतं पण लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते.

तुझी याडी आली का ते अजून सांगितलं नाहीस.

अंजू

*

पुसद,
१ ऑगस्ट

वर्षा,

आज सकाळी दहाला पोस्टमन उकंडा आला. पाकीट दारातच फोडलं. अंजूच्या पत्राला काळा दोरा आहे.

मी दोनदा उन्हात धरून पाहिला. निळा नाही, काळाच. डबीतल्याच रिळाचा.

दुसरं. 'शाळेला सुट्टी लागली' या वाक्याच्या पुढची ओळ गडद शाईने खोडली आहे. मुलांनी खोडलेलं वाचण्यात माझी हयात गेली. कागद उलटा करून दिव्यापुढे धरला. 'सप्टेंबरची नवीन शाळा बघून आलो पण हे आजीला सांगायचं नाही.' अंजूच्या पेनची ही शाई नाही. खोडणारा हात मोठ्या माणसाचा आहे. यापुढे वाचणार नाही असं लिहून देणारी तू, आणि वाचून, खोडून, वर पाकीट चिकटवणारीही तूच. सिस्टर फिलोमिना निदान लपवाछपवी करत नव्हत्या.

आठ वर्षांची मुलगी तुझ्या घरात 'मला न्यायला ये' म्हणते आहे. तुझ्या स्वयंपाकघरातून, तुझ्या देखत. तिला तिथे कोणी बोलायला नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, आणि तिची आई खिडकीतून म्हाताऱ्यांना हात करते. मुलीचा चेहरा बघायला मान तेवढी वळत नाही. तुला कोट हवेत, उजेड हवा, समुद्र हवा. घे. मुलीला मात्र इकडे पाठव. शामला सांग, त्याला कळेल. तो माझ्यावर गेला आहे.

पाकीट फोडल्यापासून आज दिवसभर मी जेवलेले नाही. कोकिळाबाईंनी वरण-भात झाकून ठेवला, म्हणाल्या, "जेवा ना बाई, उपाशी राहून का विमान लवकर येते?" मी त्यांच्यावरही ओरडले.

मला आता उत्तर पोस्टाने नको, लवकर हवं.

आई

*

हॉलंड,
११ ऑगस्ट
(कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. कोकिळाकाकूंना दाखवू नका.)

आई,

काळा दोरा अंजूचा नाही.

अंजूने लालच चिकटवला होता. तिला इथे आवडतं. बदकं, सायकल, समोरची म्हातारी, सगळंच आवडतं. मुलं मजेत आहेत, त्यांची काळजी करू नका. पाकीट बंद करायच्या आधी मी तिचा लाल दोरा काढला आणि डबीतला काळा लावला. आमच्या निघायच्या दिवशी तुम्ही तिला गोष्ट सांगत होतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात प्रवासाचे धपाटे बांधत होते. ऐकत होते.

शामला इथे दोन वर्षांची नोकरी देत आहेत. जूनमध्येच विचारलं. तो 'हो' म्हणाला आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं. कोट त्याने आणले, सेलमध्ये. शाळा त्याने पाहिली. वरचा मजला त्याचा विचार. अंजूचं पत्र टेबलावर उघडं होतं, ओळ त्याने खोडली, मी शेजारी उभी होते. तुम्हाला ऑगस्टच्या शेवटी एकदमच सांगायचं असं त्याचं ठरलं आहे. तिकिटं तो रद्द करणार होता, मी अजून करू दिलेली नाहीत. रोज म्हणते, उद्या बोलू.

तो वाईट नाही, आई. इथे येण्याआधी तो होता त्या पुसदच्या कॉलेजात आडनाव कळलं की लोक त्याला आरक्षणाच्या कोट्याचं विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. इथे कोणी विचारत नाही. इथे तो ताठ चालतो. हे मला दिसतं, म्हणूनच तोंड उघडत नाही.

पण मी इथे कोणीच नाही. भाषेशिवाय शिकवता येत नाही. भाषा यायला दोन वर्षं जातील आणि तोवर दिग्रसची जागा जाईल. दुपारी मी भिंतीसमोर उभी राहून वर्गसमीकरणं समजावून सांगते. मोठ्याने. परवा 'कळलं का?' असं भिंतीला विचारलं. मग मला भीती वाटली.

मी त्याला 'नाही' म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "आईला विचार, ती माझ्याच बाजूने असेल." आणि मग तुमची पत्रं येत गेली. प्रत्येक पत्रात तो सरळ आणि मी हावरी. मला वाटलं, बरोबरच आहे त्याचं. तुम्हाला शब्दांनी लिहून काही होणार नाही, शब्दांत तुम्ही चुका काढाल. दोऱ्यात चूक काढता येत नाही.

मले घरी यायचं आहे, आई. तुम्ही मराठी बोलणं सुधार म्हणून लग्न झाल्यापासून मागे लागल्या, आता ह्याच्यावर लाल शाई मारा पाहिजे तर. पण मले घरी यायचं आहे.

वर्षा

*

पुसद,
१२ ऑगस्ट
(मीही फोटो पाठवते आहे. धम्मदीप म्हणून समोर झेरॉक्सवाला आहे, त्याने काढून दिला. त्याला वाचू नकोस म्हटलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर पाहूनच भीती वाटते.")

वर्षा,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही.

माझ्या पत्रांत आहेत. मी ती सगळी आठवून पाहिली. विमानतळाच्या काचेपासून कोटापर्यंत मी एकाच माणसावर ओरडत होते आणि तो माणूस चुकीचा होता. चौतीस वर्षं शाळा तपासल्या. दंगा कोणी केला हे न विचारता समोर दिसणाऱ्या पोरीला उभं करणाऱ्या मास्तरांना मी नोटिसा दिल्या आहेत.

आता अंजूला न सांगितलेली गोष्ट तुला सांगते. ती मी कोणालाच सांगितलेली नाही. शामलाही नाही.

याडी आली होती.

मी सात वर्षांची होते. बोर्डिंगात आपल्या घरच्या गोरबोलीचा शब्द तोंडातून निघाला तर पाटी गळ्यात अडकवून उभं करायचे. तीन महिन्यांत मी काळा दोरा लावला. पत्र बापू दिग्रसच्या बाजारात मास्तरांकडून वाचून घ्यायचे. 'मी मजेत आहे' ऐकून ते खूष व्हायचे आणि याडी फक्त दोरा काढून घ्यायची. त्या आठवड्यात बापूंना न सांगता ती तांड्यातून निघाली. त्याआधी ती कधी एस.टी.त एकटी बसली नव्हती. मी पत्र टाकल्यापासून नवव्या दिवशी दुपारी ती फाटकापाशी उभी होती. आरसे लावलेला घेरदार फेटिया घागरा, कवड्यांची कांचळी चोळी, कोपरापर्यंत बलियांच्या बांगड्या, हातात भाकरीचं गाठोडं. खेळाचा तास होता. पोरी व्हरांड्यात येऊन टाळ्या पिटायला लागल्या, "सर्कस आली, सर्कस आली!" 

सिस्टरांनी मला विचारलं, ही तुझी कोण?

मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, आमच्या गावची एक बाई आहे, का आली मला माहीत नाही. इंग्रजीत, म्हणजे तिला कळू नये म्हणून. आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

सिस्टरांनी तिला त्या आठवड्याचं, अजून पोस्टात न पडलेलं माझं पत्र दाखवलं. मुलगी आनंदात आहे, हे बघ, लिहिलं आहे. याडीने चिमटीत धरलेला काळा दोरा पुढे केला. सिस्टरांना वाटलं, शिवणकामासाठी आणला आहे. त्यांनी 'थँक यू' म्हणून तो शिवणाच्या पेटीत टाकला. याडीने फाटकातून तीनदा हाक मारली, "जया, चाल घर." मी टाकीमागून बाहेर आले नाही. शेवटची एस.टी. साडेचारची होती. याडी चारला फाटकापासून गेली.

त्यानंतर बोर्डिंगातली उरलेली सगळी वर्षं मी दर रविवारी लाल दोरा लावला. तिने मला कधी काही विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. डबी मात्र मला दिली.

तेव्हा ऐक. चोवीस ऑगस्टची तिकिटं रद्द करायची नाहीत. शामने यायचं की राहायचं हे त्याचं त्याने ठरवावं. तू मुलांना घेऊन ये. रस्त्यात कोणी अडवलं तर माझं हे पत्र दाखव. दिग्रसच्या मुख्याध्यापकांना मी आजच फोन करून कळवलं, आडे मॅडम एकतीसला हजर होतील, गाईड वाचणाऱ्याला निरोप द्या.

मी नागपूरला विमानतळाच्या फाटकावर उभी असेन. माझ्या भावाकडून, देवसिंगकडून याडीचा फेटिया आणि कांचळी मागवली. त्याच्या बायकोने, लालीबाईने पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवली होती. आज सकाळीच ती स्वतः घेऊन आली. मी घालून पाहिली तर तांड्यातली माझी ही भावजय पोट धरून हसली, "नणंदबाई, मागचं पुढं केलं तुमी!" कोकिळाबाई दारातून म्हणाल्या, "बाप्पा! लगन हाय का कोणाचं?" वजन फार आहे गं. एवढं वजन अंगावर घेऊन ती उन्हात साडेतीन तास उभी होती.

लोक बघतील. बघू देत. तुला मी लांबून दिसेन.

सोबतची चिठ्ठी शामला दे. तू वाचून दिलीस तरी चालेल.

जया

शाम,

कोट्याचे टोमणे मीही नोकरी संपेपर्यंत ऐकले. त्यावर उत्तर म्हणून तू कुठेही राहा, मी तुला बोलावणार नाही आणि रडणारही नाही. पण माझं नाव पुढे करून बायकोचं तोंड बंद करायचं नाही. मी तुझ्या बाजूने आहे हे तुला कोणी सांगितलं? मला विचारलं होतंस?

अंजूच्या पत्रातली ओळ खोडलीस, ती मी वाचली. खोडायचं असेल तर नीट खोडत जा.

आई

*

हॉलंड,
२० ऑगस्ट

ती. आई,

हे पत्र पोस्टात टाकते आहे. ते तुमच्या हाती पडेल तेव्हा मी बहुधा तिथेच स्वयंपाकघरात असेन. मोठ्याने वाचू नका.

तुमची चिठ्ठी शामला दिली. तिसऱ्या दिवशी त्याने कपाटातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले, चारही. स्वतःच्या तिकिटाबद्दल तो आजपर्यंत बोललेला नाही. काल बॅगांचं वजन करताना चौघांचे कपडे एकत्र मोजत होता. मी विचारलं नाही. कोट खुंटीवरच आहेत.

समोरच्या म्हातारीला आज जिना उतरून भेटून आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिला माझं काही कळलं नाही, मला तिचं नाही. तिने चहा दिला.

अंजूला गोष्ट सांगितली, सगळी. तुम्ही टाकीमागे लपलात इथपर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, "विमानतळावर टाकी आहे का?" मी नाही म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली.

या पत्राला दोरा लावलेला नाही. आल्यावर तोंडानेच सांगेन.

वर्षा